भाऊजींना न्यायचं की नाही

जगात अवघड असं काही नसतंच, लोकांना फक्त नियोजन जमत नाही, असं सोफावाल्यांच्या जावयाचं ठाम मत होतं. त्याच्या गाडीच्या डिकीत नियोजन कायम भरलेलं असायचं. दोरी, टॉर्च, घडीचं टेबल, घडीची खुर्ची, आणि ती मोडलीच तर बसायला आणखी एक घडीची खुर्ची! त्यामुळे यंदा कॅम्पिंगला सशाला न्यायचं की नाही, एवढ्याशा गोष्टीवरून सासरे आणि आपली बायको यांच्यात आठवडाभर अबोला चालू आहे हे कळल्यावर तो मनापासून हसला. एका संध्याकाळचं काम आहे, म्हणाला, माझ्यावर सोडा.

त्याच्यावर सोडलं, आणि मग जे व्हायचं ते झालं.

सोफावाले म्हणजे सोफे दुरुस्त करणारे. खाली कारखाना, वर घर. जुना सोफा आणायचा, त्याची कातडी सोलायची, आतला काथ्या, फोम, स्प्रिंगा बदलायच्या आणि वर नवं कापड ताणून चढवायचं. माणूस कामाला सोन्यासारखा, पण बोलायला महाग. एकतर मुळातच घुमा स्वभाव, त्यात दिवसभर तोंडात खिळे धरायची सवय. खिळे तोंडात असले की माणूस बोलत नाही आणि नसले की त्याला बोलायचं सुचत नाही, असं त्यांची बायको म्हणायची.

ससा घरात आला तो फुकट. एका गिऱ्हाइकाच्या घरी त्याच्यामुळे सगळ्यांना शिंका यायला लागल्या म्हणून त्यांनी तो सोफ्याबरोबर धाडून दिला. पांढरा, गुबगुबीत आणि कमालीचा आळशी. बायकोनं खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा तर तुमचा धाकटा भाऊ. तोच तोंडवळा, तेच गप्प बसणं, आणि हाक मारली की तेच न येणं." सोफावाल्यांना सख्खा भाऊ नव्हता. ती हौस अशी भागली. त्या दिवसापासून ससा भाऊजी झाला. भाऊजींना पाला दिलात का, भाऊजी कोपऱ्यात रुसून बसलेत, भाऊजींनी तुमच्या चपलेचा पट्टा खाल्ला, अशी घरात त्यांची बडदास्त सुरू झाली.

आता कॅम्पिंगचं. लेक लहान असल्यापासून या घराचा एक शिरस्ता होता. वर्षातून एकदा तळ्याकाठी तंबू टाकून चार दिवस राहायचं. भाऊजी यायच्या आधी तिघंही जायची. भाऊजी आले आणि तेव्हापासून बायको मागे राहू लागली. सोफावाले दर वर्षी म्हणायचे, अगं, त्यालाही घेऊ, म्हणजे तुलाही येता येईल. ती दर वर्षी कानांवर हात ठेवायची. "सशाचं काळीज केवढं असतं ठाऊक आहे का? नखाएवढं. गाडीचा हॉर्न वाजला तरी बंद पडतं. तुम्ही जा, मी आहे ना घरी."

मग बापलेक जायची. लेकीचं लग्न झाल्यावर जावईही आला, त्याच्या खुर्च्यांसकट. चार दिवसांनी परत आलं की ती भाऊजींना मांडीवर घेऊन बसायची आणि म्हणायची, सांगा आता सगळं. पाणी किती होतं, कुठली जागा मिळाली, जावईबापूंनी तंबू उलटा कसा लावला. सोफावाले वर्षभराचं बोलणं त्या एका संध्याकाळी बोलून टाकायचे. आणि शेवटी ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष आलं की पुन्हा तेच. असं करत गेल्या थंडीत ती गेली. दुखणं आधी बारीक वाटलं, निघालं मोठं. सोफावाले रडले नाहीत. लोक म्हणाले, फार धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हता, ते नुसते सुन्न झाले होते. ते सकाळी उठायचे, भाऊजींना पाला घालायचे, खाली जाऊन सोफे सोलायचे आणि जेवायच्या वेळी ओट्याशी उभं राहून पातेल्यातूनच दोन घास खायचे. खुर्चीवर बसून जेवायला समोर कुणी लागतं. सोफा पोचवायचा सोडला तर घराबाहेर पाऊल टाकत नव्हते. लेक दर रविवारी यायची आणि बापाचा उतरलेला चेहरा बघून जाताना जिन्यात डोळे पुसायची.

म्हणून यंदा तिनं ठरवलं की काही झालं तरी बाबांना तळ्यावर न्यायचंच. चार दिवस त्या चार भिंतींच्या बाहेर राहिले तर माणसात येतील. आणि घरी आता कुणी नाही, तेव्हा भाऊजींनाही बरोबर घ्यायचं.

"सशाचं काळीज नखाएवढं असतं," सोफावाले म्हणाले.

लेक बघतच राहिली. इतकी वर्षं आईशी भांडत आले ते त्याला न्यायलाच, आणि आता आईचंच वाक्य, आईच्याच सुरात! तिनं शेजारी ठेवायचं सुचवून पाहिलं. परक्याच्या घरी तर तो जीवच सोडेल, तुम्ही दोघं जा, मी आहे ना घरी, असं म्हणून सोफावाल्यांनी तोंडात मूठभर खिळे भरले आणि विषय संपवला. तिथून अबोला सुरू झाला. भाऊजी घरी तर बाबा घरी, हे लेकीला कळून चुकलं होतं. तिचं सगळं भाऊजींवर अडलं होतं.

जावयाचं नियोजन साधं होतं. आपण इथे बसून सशाच्या वतीनं का भांडायचं? ससा हजर आहे, त्यालाच विचारू. निघायच्या आदल्या दिवशी कारखान्यातच तंबू लावायचा, भाऊजींना आत ठेवायचं आणि समोर पाला ठेवायचा. घाबरलेला ससा खात नाही, हे त्यानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून पक्कं विचारून घेतलं होतं. खाल्लं तर भाऊजी येणार आणि बाबाही येणार. नाही खाल्लं तर दोघं घरी, आणि पुन्हा कुणी एक अक्षर काढायचं नाही. बापलेकीनं मान हलवली. मान हलवताना दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं, हे नियोजनकाराच्या ध्यानात आलं नाही.

कारण दोघंही लबाडी करणार होती. दुपारी लेक खाली गेल्याचं बघून सोफावाल्यांनी भाऊजींना वर गच्च जेवू घातलं. गाजरं, पाला, वर सफरचंदाची फोड. आता हा तंबूत कशाला तोंड लावतोय! आणि लेकीनं तिकडे बाजारातून भाऊजींना वेड लावणारी कोवळी कोथिंबीर आणून तंबूत टाकायच्या पाल्याखाली दडवून ठेवली. तिच्या वासानं मेलेला ससाही उठून बसला असता. परीक्षा अशी दोन्ही बाजूंनी फुटलेली होती आणि परीक्षक तेवढा प्रामाणिक होता.

कारखान्यात त्या वेळी एकच मोठं काम उभं होतं. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला सोफा. पेशंटांना बरं वाटावं म्हणून बाईंनी दुधासारखं पांढरं कापड निवडलं होतं. सोफा सगळा झाला होता, फक्त तळ बंद करायचा राहिला होता. त्यासाठी तो पाठीवर आडवा टाकलेला, आणि त्याचं पोकळ पोट खोलीकडे उघडं. ज्याला बिळांची आवड आहे अशा कुणालाही तो वाडा वाटला असता.

जावयानं तंबू लावायला घेतला आणि त्याला कळलं की फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत. हे नियोजनात नव्हतं. पण तो कसला डगमगतो? त्यानं तंबूच्या दोऱ्या मिळेल त्याला बांधल्या. एक खिडकीच्या गजाला, एक शिलाई मशीनला आणि दोन डॉक्टरीणबाईंच्या सोफ्याच्या पायांना. मग आत पाला टाकून, भाऊजींना उचलून स्वतः तंबूत शिरला, कारण सुरुवातीला ओळखीचं माणूस सोबत असलेलं बरं.

इतक्यात दाराशी टेम्पो येऊन उभा राहिला. टेम्पोवाल्याला दुसरी खेप होती, सोफा आत्ता द्या नाहीतर उद्यावर जाईल, म्हणाला. उद्या तर जायचं किंवा न जायचं होतं. सोफावाल्यांनी तोंडात खिळे टाकले, काळं कापड घेतलं आणि तळ ठोकायला बसले. टेम्पोवाल्याला घाई. त्यानं सोफ्याच्या पायांना बांधलेल्या दोन दोऱ्या दिसल्या त्या सोडल्या. कुणी बांधल्या आणि कशाला, याच्याशी त्याला काय करायचं होतं?

तंबू जावयावर बसला. आतून कापड इकडे फुगलं, तिकडे फुगलं, एक हात वर आला, मग एक गुडघा, मग दोन्ही एकदम, आणि आतून आवाज आला की सगळं नियंत्रणात आहे. ते ऐकून लेक हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग पोट धरून. त्या घरात थंडीपासून कुणी हसलं नव्हतं. हसणंही असं, की दर श्वासाला मध्येच एक बारीक हुंदका यायचा, थेट आईसारखा. सोफावाले खिळा ठोकता ठोकता थांबले. बोलायचं होतं, पण तोंडात खिळे होते. डोळे भरून आले तसे त्यांनी मान खाली घातली आणि हातोडी चालवत राहिले. समोर तंबूची एक कड उचलली गेली आणि तिच्याखालून काहीतरी पांढरं सुळकन निघालं, ते कुणीच पाहिलं नाही.

सोफा गेला. जावई तंबूतून निघाला. केस विस्कटलेले, कानावर कोथिंबीर. भाऊजी मात्र निघाले नाहीत. तंबू उचलून झटकला, घडी करून पुन्हा उलगडला. कोथिंबीर जशीच्या तशी, भाऊजी नाहीत.

मग जे सुरू झालं त्यात सशापेक्षा माणसांचीच ससेहोलपट झाली. टेम्पोसाठी दार सताड उघडं ठेवलं होतं, म्हणजे भाऊजी बाहेरच गेले, असं जावयानं अनुमान काढलं. तिघंही गल्लीत धावली. सोफावाल्यांच्या हातात गाजर, लेकीच्या हातात कोथिंबीर, आणि जावयाच्या हातात भर दुपारी टॉर्च. दोन्ही बाजूंनी भाऊजी, भाऊजी अशा हाका. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं चौकशी केली. जावयानं घाईत सांगितलं की बाबांचे धाकटे, अंगानं भरलेले, गोरे, बोलत नाहीत, रागावले की पाय आपटतात, आणि सहलीला न्यायचं की नाही यावरून आठवडाभर घरात वाद होता. इस्त्रीवाला हळहळला. थोड्या वेळात साऱ्या गल्लीला कळलं की सोफावाल्यांचा एक भोळसर भाऊ इतकी वर्षं वरच्या खोलीत होता आणि सहलीला नेत नाहीत म्हणून बिचारा घर सोडून गेला. दोन बायका खिडकीतून सोफावाल्यांकडे असं काही बघायला लागल्या की बघवेना. समोरच्या आजोबांनी तर लेकीला थांबवून बजावलं, मिळाला की आधी पोटभर जेवायला घाला, मग विचारा.

सोफावाल्यांना हे काही ऐकू येत नव्हतं. ते गटारं बघत होते. गाड्यांखाली वाकून बघत होते. तिचा एवढा एकच जीव माझ्याकडे होता आणि तोही मला सांभाळता आला नाही, हे एकच त्यांच्या डोक्यात चाललं होतं. एका लाल गाडीखालून उठताना गुडघा टेकेना, तेव्हा लेकीनं हात दिला. तिच्या खांद्याला धरून ते म्हणाले, "तुझी आई विचारील तर काय सांगू?" लेकीनं त्यांना घट्ट धरून कारखान्यात आणून बसवलं.

पाणी प्यायल्यावर काहीतरी करायचं म्हणून ते आवराआवर करायला लागले. चिंध्या गोळा केल्या, खिळे डबीत घातले, दोरा गुंडाळला. कात्री सापडेना. मोठी, धार केलेली कात्री. मशीनखाली नाही, फळीवर नाही, खिशात नाही. आणि कात्री हरवली की कुठे असते, हे त्या कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

तळ बंद करायच्या आधी बायको खाली यायची. जेवत असली तरी हात धुऊन यायची. म्हणायची, थांबा, हात फिरवू द्या. सोफ्याच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायची, चारी कोपरे, सोफ्याच्या दोन्ही हातांच्या पोकळ्या चाचपायची आणि आत राहिलेलं काय काय बाहेर काढायची. खडू, टेप, सुया, कधी चष्मा, आणि बहुतेक वेळा कात्री. कामाच्या नादात सोफावाले सगळं आत विसरायचे आणि ते ती बाहेर काढणार हे दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की हे एक वेगळं काम आहे आणि ते कुणीतरी करत होतं, हेच त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. थंडीनंतर कुणी हात फिरवलाच नव्हता.

सोफावाल्यांनी हातातली खिळ्यांची डबी टाकून दिली. "गाडी काढा," म्हणाले. "तो सोफ्यात आहे. कात्री पण आत आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. फक्त कळसा आता टेम्पोतून दवाखान्यात पोचला होता.

गाडीत उद्याचं सामान आधीच भरलेलं. टपावर खुर्च्या, मागे पातेली, किटली, चूल. जावयानं गाडी अशी पिटाळली की दर वळणाला भांड्यांचा धडधडाट व्हायचा. सोफावाले पुढच्या सीटवर किटली मांडीत घेऊन बसले होते. मनात नखाएवढं काळीज घोळत होतं. त्याला आधी टेम्पोत आदळलं असेल. मग अंधार. मग वरून माणसं बसली असतील. शेजारच्या खोलीत ते दात कोरायचं यंत्र चिरकत असेल. आणि अंगाशी उघडी कात्री. हॉर्ननं बंद पडणारं काळीज यातून कसं वाचणार? ते आपल्याशीच मान हलवत राहिले.

दवाखान्यात पांढऱ्या सोफ्यावर तीन माणसं बसली होती. त्यातल्या एका जाड्या गृहस्थांना नुकतंच भुलीचं इंजेक्शन दिलेलं होतं. अर्धं तोंड बधिर झालेलं, आणि ते बराच वेळ काउंटरवरच्या बाईंना काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. सोफा खालून लाथा मारतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण बधिर जिभेतून ते फफफ असंच बाहेर पडत होतं, आणि काउंटरवरच्या बाई त्यांना समजावत होत्या की इंजेक्शननं होतं असं, घाबरू नका, बसून राहा.

सोफावाले आत शिरले आणि सगळ्यांनी उठा, म्हणाले. काउंटरवरच्या बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घामाघूम, डोळे लाल, ओठ थरथरताहेत. बाईंनी अनुभवानं ओळखलं. शांत आवाजात म्हणाल्या, नंबर लावा आणि बसा. बसता येणार नाही, सोफावाले म्हणाले. पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात, बाई म्हणाल्या. जावई नियोजनापासून सगळं समजावून सांगायला लागला, आणि तो तंबूपर्यंत आला तेव्हा उरलेले दोन पेशंट दाराकडे सरकले होते. एकट्या जाड्या गृहस्थांना सगळा उलगडा झाला. ते ताडकन उठले, विजयानं फफफ करत सोफ्याची एक बाजू धरली आणि सोफावाल्यांबरोबर तो पाठीवर आडवा केला.

आवाजानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडाला मास्क, हातात मोजे. आपला दुधासारखा सोफा उताणा पडलेला बघून त्यांची भुवई वर गेली. सोफावाले गुडघ्यांवर बसून नखांनी खिळे उपटत होते. स्वतःच ठोकलेले खिळे, स्वतःच्या हाताचे पक्के, एकही हलेना. कात्री आत, पक्कड घरी. बोटाला रक्त आलं तरी थांबेनात.

लेकीनं डॉक्टरीणबाईंना दोन वाक्यांत सांगितलं. आईचा ससा, आई नाही. बाईंनी जास्त विचारलं नाही. आत गेल्या, चिमटा घेऊन आल्या आणि सोफ्याजवळ मांडी घालून बसल्या. ज्या हातानं दाढा काढतात त्याच हातानं त्यांनी पहिला खिळा धरला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे हलवला आणि अलगद ओढून घेतला. मग दुसरा. मग तिसरा. खिळा निघाला की स्टीलच्या तबकात टण्ण करून पडायचा. सगळा दवाखाना श्वास रोखून बघत होता. जाडे गृहस्थ दर खिळ्याला आपला गाल धरत होते.

कापड सुटलं. सोफावाल्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. आधी कात्री लागली, ती बाहेर काढून ठेवली. एक कोपरा, दुसरा कोपरा. सोफ्याच्या डाव्या हाताच्या पोकळीत काही नाही. उजव्या पोकळीत बोटांना मऊ केस लागले. ते थांबले. पुढे हात न्यायची त्यांची छाती होईना. लेकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी डोळे मिटून बोटं पुढे सरकवली.

ऊब होती. आणि ऊब काहीतरी चावत होती.

भाऊजी बाहेर निघाले ते तोंडात काथ्याचा झुपका घेऊन. त्यांनी आतला निम्मा काथ्या खाऊन आणि निम्मा अंथरून ऐसपैस संसार थाटला होता, आणि तो मोडल्याबद्दल ते नाराज दिसत होते. सोफावाल्यांच्या मांडीवर बसून त्यांनी आधी एक कान पुसला, मग दुसरा. आतल्या खोलीत मदतनीस बाईंनी यंत्र चालू करून पाहिलं, ते कर्कश्श किंचाळलं, सगळ्या पेशंटांच्या अंगावर काटा आला. भाऊजींनी वळूनही पाहिलं नाही. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "केवढा धीट आहे हो हा. माझ्या एकाही पेशंटला जमत नाही."

आणि सोफावाले रडायला लागले.

रडले म्हणजे हमसून हमसून रडले. दवाखान्याच्या फरशीवर, भाऊजींना छातीशी धरून, थंडीपासूनचं सगळं एकदम. काउंटरवरच्या बाईंनी पाणी आणलं. जाड्या गृहस्थांचेही डोळे पाणावले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडताहेत, रडू द्या. जावई म्हणाला, बाबा, मिळाला की, आता कशाला?

"ती येऊ शकली असती," सोफावाले म्हणाले.

लेक त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. "कोण, बाबा?"

"तुझी आई. याला काही होत नाही गं. हा दगड आहे नुसता. टेम्पोत घाला, सोफ्यात कोंबा, याला काही होत नाही. दर वर्षी येऊ शकली असती ती."

लेकीला रडू फुटलं, पण ती बोलली. म्हणाली, आईला तंबूत झोपायला आवडलंच नसतं बाबा, तिला किड्यांची केवढी भीती, भाऊजींचं एक निमित्त असेल तिला. खरं की बापाच्या समाधानासाठी, ते तिचं तिला ठाऊक.

"नसतं आवडलं तर परत आलो असतो," सोफावाले म्हणाले. "एकदा येऊन तरी."

जावयाकडे या बाबतीत काही नियोजन नव्हतं. तो खाली बसला आणि तबकातले वाकडे खिळे सरळ करायला लागला.

दुसऱ्या दिवशी सगळे निघाले. कुणी कुणाला विचारलं नाही, वाद नाही, परीक्षा नाही. सोफावाल्यांनी मागच्या सीटवर भाऊजींचा पिंजरा ठेवला आणि शेजारी बसले. वाटेत जावयानं मुद्दाम हॉर्न वाजवून पाहिला. भाऊजी झोपले होते.

तळ्यावर यंदा पाणी चांगलं होतं. जागाही झाडाखालची मिळाली. जावयानं तंबू लावला, तो बराचसा सुलटा होता. सोफावाल्यांनी सोफ्याच्या पट्ट्याचा एक छोटा गळपट्टा शिवून आणला होता. तो भाऊजींच्या गळ्यात घालून ते सकाळी गवतावर खुर्ची टाकून बसले, आणि भाऊजी इकडे तिकडे चरत, मध्येच उडी मारत, नव्या गवताची खबर घेत हिंडू लागले. इतकं धावताना त्यांना घरी कुणी कधी पाहिलं नव्हतं. सोफावाले ते बघत होते. सांगायला खूप होतं. पाणी किती आहे, जागा कुठली मिळाली. सगळं तोंडाशी येत होतं आणि तिथेच राहत होतं.

शेजारच्या तंबूतल्या एक बाई चहाचा कप घेऊन फिरत फिरत तिथे आल्या. प्रेमळ, बोलक्या, सगळ्यांची विचारपूस करणाऱ्या. त्यांनी भाऊजींना कौतुकानं निरखलं.

"कशाला हो आणलंत याला इतक्या लांब? ससे घाबरट असतात म्हणे. घरीच ठेवायचा की कुणाजवळ तरी."

"इतकी वर्षं तेच करायचो," सोफावाले म्हणाले. "याच्यासाठी एक माणूस घरी राहायचं."

"आणि यंदा?"

"यंदा घरी कुणी नाही."

बाईंचा चेहरा खुलला. "अगं बाई, म्हणजे यंदा सगळेच आलात की! छान झालं."

सोफावाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गवताकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "सगळेच."